नदीकडची गल्ली

आप्पांना बसून बोलता येत नसे. खुर्ची दिली तर ते तीत बसत, चहा घेत, मान डोलावत, पण तोंडातून 'व्हय' आणि 'न्हाय' याखेरीज काही निघत नसे. उभे राहिले, उजवा हात वर गेला आणि मुठीनं हवेतली न दिसणारी दांडी धरली, की मग गोष्ट सुरू. तीस-बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेली. चालत्या गाडीत उभं राहून बोलायची सवय निवृत्तीनंतरही त्यांच्या हातातून गेली नव्हती. आमच्या व्हिडिओखाली नवे लोक हमखास विचारायचे, हे आजोबा हात कुणाला दाखवताहेत? जुने प्रेक्षक त्यांना परस्पर उत्तर देत, नवीन चढलेले दिसता, आत सरका.

मुरुमला माझा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. नवऱ्यानं काढलेला, तो गेल्यावर मी चालवते. आप्पा तिथं आले ते पेन्शनच्या कागदाला लागणारा फोटो काढायला. स्टुलावर असे ताठ बसले, की फोटोत माणूस यायच्या ऐवजी भिंत आल्यासारखी वाटावी. मी म्हटलं, आप्पा, जरा काहीतरी बोला, चेहरा सैल होईल. तर ते उठूनच उभे राहिले, हात वर गेला, आणि उमरग्यापासून लातूरपर्यंतचे सगळे थांबे त्यांनी एका दमात म्हणून दाखवले. मी हसले. ते मात्र हात खाली घेत म्हणाले, "माय, इतक्या गावांची नावं घेतली म्या, पन गाव एकबी बघितलं न्हाय. माझ्यासाठी परत्येक गाव नुसतं पारापतूर. बस तिथनंच माघारी. पुढं कंदी उतरलोच न्हाय."

त्या वाक्यातून आमचं चॅनेल निघालं. नाव ठेवलं 'गावचा थांबा'. महिन्याला एक गाव घ्यायचं, थांब्यापाशी उतरायचं आणि या वेळी पाराच्या पुढं चालत जायचं. आप्पांच्या इतिहासात राजे फारसे नसत. वेस कुठं होती, आड कुणी खोदला, निजामाच्या काळातला जकातीचा नाका कुठल्या बाभळीखाली होता, बस यायच्या आधी बाळंतीण कुठल्या वाटेनं आणत, असली त्यांची चौकशी असे. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला ते एवढंच विचारत, "बस न्हवती तवा तुमी कुठनं जायचे?" आणि मग माणूस तास तास बोलत राही.

शूटिंगचे शब्द त्यांना मी शिकवायला गेले, पण त्यांनी ते घेतले नाहीत. तोंडानं दोनदा 'टिंग टिंग' केलं की मी कॅमेरा सुरू करायचा, एकदा 'टिंग' म्हटलं की थांबवायचा. बेल देण्याचा हक्क कंडक्टरचा, ड्रायव्हरनं आपल्या मनानं गाडी थांबवायची नाही, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. मी ड्रायव्हर. एकदा बेंबळीत एका म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली म्हणून मी कॅमेरा बंद केला, तर दिवसभर माझ्याशी तुटक बोलत होते. खोकला पण त्याच्या बोलण्यातला हाय, असं त्यांचं म्हणणं.

पहिली जाहिरात आली ती गावातल्याच एका भांड्यांच्या दुकानाची. दुकानदाराची इच्छा अशी, की आप्पांनी गोष्ट ऐन रंगात आली की त्याच्या कुकरचं नाव घ्यावं. आप्पा त्याला दंडाला धरून रस्त्यावर घेऊन गेले आणि समोरून जाणारी एसटी दाखवली. "गाडीला जाहिरात असती का? असती. कुठं असती? भायेर, पत्र्यावर. आत कंडक्टर म्हनतो का कंदी, पुढला थांबा बेंबळी, आन् कुकर घ्या?" दुकानदाराला ते पटलं. तेव्हापासून नियम झाला. डबल बेलच्या आधी आप्पा सरळ उभे राहून, हात खाली ठेवून, सपाट आवाजात सांगत, या गाडीच्या पत्र्यावर अमुक भांडी भांडार. मग हात वर, टिंग टिंग, आणि त्यानंतर गाव संपेपर्यंत दुसरं कुणी नाही. लोकांना ते इतकं आवडलं, की दुकानात येऊन 'पत्र्यावरचं भांडी भांडार हेच का' असं विचारू लागले.

पण पत्र्यावर गाडी चालत नाही, ती तिकिटावर चालते, हेही आप्पाच म्हणत. तिकिटाची रीत त्यांनी सप्ताहावरून घेतली. सप्ताहात रोजची पंगत एकेका घराकडे असते, तसं ज्या गावाचा व्हिडिओ त्या गावानं आमची पंगत घ्यायची. पेट्रोल, जेवण आणि वर जमेल ते. शिवाय गाव सोडून पुण्या-मुंबईला, परदेशात गेलेले लोक दर महिन्याला थोडंथोडं पाठवत. शेवटच्या बेलनंतर आप्पा त्यांची नावं वाचत. नाव, राहण्याचं ठिकाण आणि पुढं मूळ गाव, पण त्यांच्या पद्धतीनं: "भोसरीचे अमुक अमुक, उतरणार माकणी." एका बाईंनी कुठूनतरी दूर देशातून लिहिलं होतं, की मी व्हिडिओ नंतर सवडीनं बघते, आधी शेवटी जाऊन माझं उतरणं ऐकते. आणि जे फुकट बघत त्यांच्याबद्दल आप्पांची तक्रार नसे. नोकरीत असताना सख्ख्या मेव्हण्याला तिकीट फाडायला लावलेला हा माणूस इथं म्हणायचा, बसू दे की, खिडकीतनं बघितल्यानं गाव झिजतंय व्हय?

सगळं असंच चाललं असतं तर मला हे लिहायची वेळ आली नसती. एका मोठ्या गावातल्या तालेवार घरानं आमची पंगत घेतली. पुरणपोळी, आमटी, वर तुपाची धार. जेवणानंतर मालकांनी सुचवलं, की रझाकाराच्या धामधुमीत आमच्या आजोबांनी गाव वाचवलं, ते तेवढं सांगा. आप्पांनी आधीच चार म्हाताऱ्यांना विचारलं होतं. चौघांनी वेगवेगळ्या ओट्यांवर बसून एकच सांगितलं होतं, की आजोबा त्या दिवसांत गावात नव्हतेच. आप्पा मालकांना हात जोडून म्हणाले, "जेवन लई गोड झालं. पन पंगत वाढली म्हनून नवरदेव हुता येत न्हाय." व्हिडिओत आजोबा आले नाहीत. त्यानंतर आजूबाजूच्या गावांत पंगतीचं नाव काढलं, की लोक सुगी आहे, लग्न आहे, बघू, असं म्हणू लागले. इतिहास सगळ्यांना हवा असतो, फक्त आपल्या आजोबांचा सोडून.

तेव्हाच माझ्या कॅमेऱ्यात बिघाड होऊन चित्रावर एक आडवी रेघ येऊ लागली, आणि तेव्हाच शहरातला एक प्लॉट विकणारा माणूस भेटला. नाव नको. माणूस वाईट नव्हता. त्यानं एकदम वर्षभराचा, बारा गावांचा खर्च उचलायची तयारी दाखवली. अट एकच, जाहिरात मध्ये टाकायची. सुरुवातीची लोक बोटानं पुढं ढकलतात, असं तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. मी आप्पांना त्याची तयारी सांगितली, अट सांगितली नाही. पत्र्यावर लई जागा हाय, लाव म्हन त्याला, असं म्हणून ते निघून गेले.

त्या महिन्यात आम्ही माकणीच्या धरणात गेलेल्या एका गावाचं काम करत होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या लोकांना मी एकदा दुखावलं आहे. आप्पांच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी ते गाव उठलं. त्या पारापर्यंत बस नेणारे शेवटचे कंडक्टर तेच. आता वर माळावर नवं गाव वसलंय, सरळ रस्त्यांचं. जुन्या गावाची घरनघर आठवण असलेलं माणूस एकच उरलं होतं, कोंडाआजी. नव्वदीच्या आसपासच्या, नजर अधू, पण वेशीपासून नदीपर्यंतच्या चार गल्ल्या त्यांना बोटावर पाठ होत्या. कुणाच्या दाराला कसली चौकट, कुणाच्या अंगणात कसलं झाड, सगळं.

आजी आधी बोलायला तयार नव्हत्या. गाव उठताना मोजणीवाले आले, पंच आले, नंतर कितीदा चौकशा झाल्या, आणि प्रत्येकानं त्यांना मध्येच तोडून मुद्द्याचं बोला म्हटलं होतं. "माझं बोलनं कुनी पुरतं ऐकलंच न्हाय रं लेकरा," असं त्या आप्पांना म्हणाल्या. लेकरू तेव्हा पासष्ट ओलांडलेलं. आप्पा त्यांच्यासमोर उभे राहिले, हात वर गेला, पण या वेळी दांडी धरायला नाही, शपथ घेतल्यासारखा. ते म्हणाले, "आज्जे, तुमी बोलताना मधी कुनी बोलनार न्हाय. तुमचं गाव संपल्याबिगर माझी गाडी हलनार न्हाय." मग आजी बोलल्या. एका बैठकीत तीन गल्ल्या झाल्या. चौथी, नदीकडची, थकल्यामुळं पुढच्या खेपेला ठेवली.

तिसऱ्या गल्लीच्या टोकाला आजींचं स्वतःचं घर होतं. ते सोडलं तो दिवस त्यांनी सांगितला. वरचे पत्रे काढले, दारं काढली, जातं काढलं, बैलगाडीत घातलं. मग म्हणाल्या, "चूल न्हाय काढली. चूल कशी काढावी?" आणि गप्प बसल्या. अकरा सेकंद. मी मोजले, कारण मोजणं माझा धंदा आहे. कुठल्या क्षणी किती लोक व्हिडिओ सोडून जातात, ते आम्हाला एका रेघेत दिसतं. प्लॉटवाल्याला ही प्रेक्षकांची रेघ दाखवण्यासाठी मी, आप्पांना न सांगता, आजींचा थोडासा तुकडा आधी टाकून पाहिला होता. सगळीकडं रेघ खाली घसरत होती, फक्त त्या अकरा सेकंदांत ती आडवी पडून राहिली होती. आजी गप्प असताना एकही माणूस उठला नव्हता. प्लॉटवाला म्हणाला, ताई, आपली जागा हीच.

मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणून सुटका करून घ्यायची नाही. मी एका बाजूला बारा गावं ठेवली, एका बाजूला अकरा सेकंद, आणि बारा गावं जड आहेत असं स्वतःला सांगितलं. आप्पांचा नियम होता, पहिलं बघणं गावाचं. देवळात टीव्हीवर गावानं आधी बघायचं, मग जगानं. म्हणून झालेल्या तीन गल्ल्यांचे मी व्हिडिओ दोन केले. गावासाठी पेनड्राइव्हवर एक, जाहिरात नसलेला. जगासाठी दुसरा, जाहिरातीचा. दुसरा देवळातल्या बघण्यानंतर, त्याच दुपारी आपोआप चढेल अशी वेळ लावून ठेवली. आप्पा मोबाईलवर बघत नसत, आजींना दिसत नसे. कुणाला कशाला कळतंय, असा माझा हिशेब.

देवळात माणसं जमायला उशीर झाला, पण मग ती दाटीवाटीनं बसली. आजी सगळ्यांच्या पुढं, नवं लुगडं नेसून. आप्पा त्यांच्या शेजारी, बसलेले, म्हणून गप्प. पेनड्राइव्ह लावला आणि टीव्हीनं तो घेतलाच नाही. काढला, पुसला, पुन्हा लावला. भजनी मंडळातला एक गृहस्थ म्हणाला, राहू द्या ताई, वर चढलाय की तो, इथं मोबाईलवरनं लावतो. मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण नको का, हे काय सांगणार होते? व्हिडिओ सुरू झाला. पहिली गल्ली आली, लोक एकेका घराला मान डोलावू लागले, एक म्हातारा रडायला लागला. दुसरी गल्ली आली. मी खांबाला धरून उभी होते आणि वीज जावी म्हणून देवाला विनवत होते. आमच्याकडं एरवी दिवसातून चारदा जाणारी वीज त्या दुपारी गेली नाही.

"चूल कशी काढावी?" आजी पडद्यावर गप्प बसल्या, आणि त्याच क्षणी एका तरुण बाईचा आनंदी आवाज देवळात घुमला: तुमच्या स्वप्नातलं हक्काचं घर, आता शहरालगत, सुलभ हप्त्यांत! मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. वाईट मनानं नाही, माणूस दचकून हसतो तसं. आजींनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि आप्पांना विचारलं, "ही कोन बाई, मधीच?" आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. आजी काठी चाचपून उठल्या आणि घरी गेल्या. टीव्हीवर त्यांचं बोलणं पुढं चालूच होतं.

मी जाहिरात त्याच तासाला काढली, प्लॉटवाल्याचे सगळे पैसे परत केले. त्याला आजही वाटतं की मी वेडी आहे. दुसऱ्या दिवशी आप्पा स्टुडिओत आले. ओरडतील म्हणून मी वाट बघत होते, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तो जाहिरातीचा व्हिडिओ लावायला सांगितला आणि उभं राहून पूर्ण पाहिला. हात वर गेला नाही. म्हणाले, "चूक तुझी न्हाय माय. गाडी माझी हुती. सुटायच्या आधी तपासायचं काम माझं." मी रडत होते. दारात जाऊन ते परत वळले आणि म्हणाले, शब्द पन माझाच हुता. त्यानंतर कितीतरी महिने ते स्टुडिओची पायरी चढले नाहीत.

दर सोमवारी मात्र ते आजींकडं जात, हे मला त्यांच्या घरून कळायचं. दोन बस बदलून जायचे, ओट्यावर बसायचे, बसलेले म्हणून काही बोलायचे नाहीत. आजी चहा करवून द्यायच्या, तब्येत विचारायच्या, ऊस कसा आहे ते सांगायच्या. नदीकडच्या गल्लीचा विषय आप्पांनी काढला नाही. आजींनी एकदाच, आपण होऊन, त्याला उत्तर दिलं: "झालं माझं बोलून." थंडीत आजी गेल्या. चौथी गल्ली त्यांच्याबरोबर गेली.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलं आणि एका सकाळी आप्पा स्टुडिओच्या दारात उभे. आत आले नाहीत. कॅमेरा नीट हाय का, विचारलं. रेघ येते, म्हटलं. येऊ दे, म्हणाले. आम्ही दोघं माकणीला उतरलो आणि भेगाळलेल्या चिखलातून चालत जुन्या गावाशी आलो. जोत्याचे दगड वर आले होते. पाराचा चौथरा ओळखू येत होता. आप्पा त्यावर उभे राहिले. पत्र्यावर कुणी नव्हतं, पंगत कुणाची नव्हती. हात वर गेला. टिंग टिंग.

कोंडाआजींनी सांगितलेल्या तीन गल्ल्या त्यांनी चालत चालत, आजींच्याच शब्दांत, एकही घर न गाळता सांगितल्या. चुलीपाशी आले. तिथं खरंच काळे पडलेले दोन दगड होते. ते आजींच्याच चुलीचे होते की नाही, देव जाणे. मग ते नदीच्या बाजूला वळले आणि म्हणाले, "ही नदीकडची गल्ली." आणि थांबले. हात वरच. या वेळी मी सेकंद मोजले नाहीत. आप्पा तसेच उभे राहिले, मग हात हळूच खाली आला आणि ते कॅमेऱ्याच्या चौकटीतून बाहेर, पाण्याच्या दिशेनं चालत गेले. थांबायची बेल त्यांनी दिली नाही. विसरले असतील असं तेव्हा वाटलं. पण आप्पा बेल कधी विसरत नसत.

महिन्याभरात ते गेले. झोपेतच. मुरुमच्या स्टँडवरचे, उमरग्याच्या डेपोतले, लांबलांबचे ड्रायव्हर-कंडक्टर मातीला आले होते. त्यांच्या मुलानं मला विचारलं, आप्पा शेवटी तुमच्यावर रागावले होते का? मी नाही म्हटलं. ते खरं आहे का, ते विचारायला आता कुणी नाही, आणि माझ्या मनातून ते जाणार नाही.

तो व्हिडिओ मी जसा होता तसा चढवला. आडव्या रेघेसकट. आप्पा चौकटीतून गेल्यावर त्यात नुसती भेगाळलेली जमीन आहे, वारा आहे, लांबून एक टिटवी. चौदा मिनिटं, कॅमेऱ्याची बॅटरी संपेपर्यंत. लोक ते बघत राहतात. खाली कुणी लातूरहून लिहिलंय, नदीकडच्या गल्लीत पहिलं घर आमच्या आत्याचं, दारात शेवगा. कुणी भोसरीहून लिहिलंय, पहिलं नाही, दुसरं, आणि शेवगा नव्हे, हादगा. पाच-सहा घरं झाली आहेत तशी. दोघांत कोण बरोबर, ते आप्पांनी दोघांना एका बाकावर बसवून ठरवलं असतं. मी प्रत्येकाला उत्तर देते, नावापुढं 'उतरणार' लावून त्यांचं गाव लिहिते. आणि ओळखीचे लोक सांगतात, ताई, शेवटची ती रिकामी चौदा मिनिटं कापून टाका, उगीच लांबलंय. मी कापत नाही. मी ड्रायव्हर आहे, आणि बेल अजून झालेली नाही.